आधी पैसा कोण लावणार? वस्तीतली घरं, संस्था आणि निधी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही वस्ती सुधारणा, परवडणारी घरं आणि त्यात काम करणाऱ्या संस्थांचा पैसा यावर प्रश्न मागवले होते. भरपूर आले. बरेचसे एकाच धर्तीचे, "ताई अनुदान कुठे मिळेल ते सांगा" असे. त्यांना वेगवेगळी उत्तरं देण्यापेक्षा थोडे निवडक प्रश्न घेतलेत, त्यातच बाकीच्यांची उत्तरं येतील.

प्रश्न : आमची वस्ती मुंबईत महापालिकेच्या जागेवर आहे. दोन बिल्डर आले, सह्या घेतल्या, गायब झाले. आता एक सामाजिक संस्था म्हणते की विकासक म्हणून आम्ही उभे राहतो, बांधकाम लोकांच्या देखरेखीखाली करू. हे खरंच होतं का? आणि संस्थेकडे एवढा पैसा येतो कुठून? (एक वाचक, धारावी)

होतं, आणि तुमच्या धारावीतच झालेलं आहे. राजीव-इंदिरा आणि सूर्योदय या सोसायट्यांची घरं 'स्पार्क' ही सामाजिक संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन हा झोपडीवासीयांचा महासंघ आणि महिला मिलन ही वस्तीतल्या बायकांची संघटना या तिघांनी मिळून उभी केली. घरांची उंची १४ फूट ठेवली, म्हणजे लोकांना पोटमाळा काढता आला. ही मागणी वस्तीतल्या बायकांची होती, कारण धारावीत घर म्हणजे राहायची जागा आणि कामाची जागा दोन्ही असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. १९९५ मध्ये एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना, आली तेव्हापासून नियमात विकासक म्हणून बिल्डरच हवा असं कुठेही नाही, सोसायटी स्वतः किंवा संस्थासुद्धा विकासक होऊ शकते.

आता पैशाचं. एसआरएत रहिवाशाला घर फुकट मिळतं आणि त्याचा खर्च निघतो तो विक्रीसाठी मिळणाऱ्या जादा बांधकामातून. तेव्हाच्या नियमात पुनर्वसनाच्या दर चौरस फुटामागे शहरात पाऊण फूट, उपनगरात एक फूट आणि धारावीसारख्या अवघड ठिकाणी १.३३ फूट विक्रीला मिळायचं, जागेवर मावलं नाही तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी बांधायचा हक्क, म्हणून बाहेर विकायचं. कागदावर हिशोब छान बसतो. पण हा सगळा पैसा येतो शेवटी किंवा टप्प्याटप्प्याने, आणि खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो, म्हणजे सर्व्हे, आर्किटेक्ट, पात्रता यादी, परवानग्यांची फी, लोकांना दुसरीकडे हलवायचं त्याचं भाडं, मग जोतं. बिल्डरला हे झेपतं कारण तो दुसऱ्या प्रोजेक्टमधला पैसा इकडे फिरवतो. संस्थेकडे दुसरा प्रोजेक्ट नसतो आणि बँकेकडे गेलं की बँक विचारते गहाण काय ठेवताय? जमीन महापालिकेची, झोपड्या पाडलेल्या, टीडीआर अजून हातात नाही. मग गहाण ठेवणार काय?

एक उदाहरण धरू, आकडे फक्त समजण्यापुरते. बांधकामात सतत ४ कोटी अडकून राहिलेत, १८ महिने, व्याज १४ टक्के. नुसतं व्याज ८४ लाख. सरकारी खात्याची एक सही उशिरा झाली की यात भर पडत जाते आणि मध्येच टीडीआरचा भाव पडला तर आणखीच. चांगल्या मनाच्या संस्थासुद्धा इथेच बुडतात, पैसा मंजूर असूनही बुडतात, कारण तो वेळेवर नसतो.

राजीव-इंदिराच्या वेळी सिटीबँकेच्या कर्जामागे होमलेस इंटरनॅशनल या ब्रिटिश संस्थेने हमी दिली होती. म्हणजे वस्तीतल्या लोकांच्या घरासाठी मुंबईतल्या बँकेला धीर यावा म्हणून हमी परदेशातून आणावी लागली! याच अनुभवातून २००२ मध्ये क्लिफ नावाचा निधी सुरू झाला, त्यात ब्रिटिश सरकार आणि स्वीडिश सरकारच्या मदत यंत्रणांनी पैसा घातला, इकडे तो स्पार्कची बांधकाम करणारी जोडसंस्था 'समुदाय निर्माण सहायक' वापरायची. निधीची कल्पना साधी. पैसा दान म्हणून संपवायचा नाही, प्रोजेक्टला सुरुवातीला लावायचा, सरकारी हप्ता किंवा विक्रीचे पैसे आले की परत निधीत, मग पुढच्या वस्तीला. फिरता निधी. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रात आपल्याकडे झालेला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग हा आहे आणि त्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर तुम्ही त्या संस्थेला "तुमच्याकडे किती पैसा आहे" असं नका विचारू. विचारा की पहिल्या सीसीपर्यंतचा, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी मिळेपर्यंतचा खर्च कोण करतंय आणि तो प्रोजेक्ट अडला तर बुडणार कुणाचा? सहा महिने हप्ता आला नाही तर ट्रान्झिटचं, म्हणजे तात्पुरत्या घरांचं भाडं कोण भरणार? विक्रीतून जास्तीचे उरले तर कुणाचे? उत्तर लेखी आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात घ्या. संस्था खरी असेल तर तिला या प्रश्नांचा राग येणार नाही, तिने ते आधीच कागदावर मांडलेले असतील.

प्रश्न : आमच्या शेजारची जुनी सोसायटी स्वयंपुनर्विकास करतेय, म्हणजे बिल्डर न घेता स्वतःच इमारत नव्याने बांधतेय, त्यांना सहकारी बँकेने कर्ज दिलं. मग आम्हा झोपडीवाल्यांना का नाही? (एक वाचक, घाटकोपर)

कारण जमीन. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक वगैरे स्वयंपुनर्विकासाला कर्ज देतात ते मुख्यतः ज्या सोसायटीच्या नावावर जमीन आहे तिला, तिथे गहाण ठेवायला काहीतरी आहे. तुमच्याकडे जमिनीचा हक्कच नाही. वर सांगितलेला गहाणाचा आणि हमीचा प्रश्न आहे तोच इथेही आहे.

प्रश्न : ताई, आम्ही वस्तीतल्या बायका दर महिन्याला घरासाठी बचत करतो. ज्या संस्थेबरोबर आम्ही काम करतो त्यांचे कार्यकर्ते म्हणतात बचत आमच्या संस्थेच्या खात्यात ठेवा, सुरक्षित राहील, घराच्या वेळी तुमचा हिस्सा म्हणून धरू. ठेवावी का? (बचत गटाची अध्यक्ष, हडपसर)

नका ठेवू. संस्था कितीही चांगली असो. ट्रस्टला किंवा सोसायटी कायद्याखालच्या संस्थेला लोकांकडून ठेवी घ्यायचा अधिकार नसतो आणि उद्या संस्थेवर काही कारवाई झाली, खातं गोठलं, तर तुमचे पैसे त्यात अडकतील आणि ते तुमचे आहेत हे सिद्ध करायला तुमच्याकडे काय असेल, एक वही. बचत गटाच्या नावाने बँकेत खातं हवं, सह्या तुमच्यातल्याच दोघी-तिघींच्या, पासबुक तुमच्याकडे. गट १० ते २० जणींचा ठेवा. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकेला जोडायचं सुरू केलं ते याच पद्धतीवर, आणि आज कुठल्याही राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत असं खातं निघतं. मॅनेजर टोलवाटोलवी करत असेल तर दोघी जाऊ नका, दहा जणी जा.

महिला मिलनचं उदाहरण मी नेहमी देते. १९८६ मध्ये भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ते सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, फूटपाथवर राहणाऱ्यांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा ओल्गा टेलिस निकाल लागला होता, फूटपाथवरून कधीही उठवतील अशी भीती होती, आणि त्याच वर्षी स्पार्कने फूटपाथवरच्या कुटुंबांची गणनाही केली होती. या बायकांनी रोज घरोघर फिरून बचत गोळा करायला सुरुवात केली, कुणी एक रुपया, कुणी दोन. रोज का? कारण ज्यांची कमाई रोजची आहे त्यांच्याकडे महिनाअखेरीला काही उरत नाही. आणि रोज दारात गेलं की कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा नवरा मारतो, कुणाचं काम सुटलंय हे सगळं कळतं. पुढे एखादी बाई कर्ज मागायला आली तर तिला द्यायचं की नाही हे ठरवायला दुसऱ्या कागदाची गरजच पडत नाही.

तुमची बचत घराच्या किमतीच्या मानाने छोटीच असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. या बचतीचं मुख्य काम रक्कम जमवणं नाहीये. बँक, महापालिका, देणगीदार यांच्यासमोर पाच वर्षांची न चुकलेली बचतीची वही ठेवली की बोलणीच बदलतात.

प्रश्न : आमचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. कामगार महिलांसाठी वसतिगृह आणि खाली पाळणाघर बांधायचंय, एक वित्तसंस्था कर्ज द्यायला तयार आहे. सीए म्हणतात धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल. आपण काही विकत नाही आहोत, मग कशाला? (ट्रस्टचे सचिव, नाशिक)

सीए बरोबर आहेत, त्यांचं ऐका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ३६ जागा विकणं, बक्षीस देणं वगैरेसाठी आहे, आणि ३६अ मध्ये ट्रस्टच्या नावाने कर्ज घ्यायलाही धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. आधी हा शब्द महत्त्वाचा. कर्ज उचलून मग अर्ज केला असं चालत नाही. अर्जाबरोबर विश्वस्तांचा ठराव, कर्जाच्या अटी, परतफेड कशातून करणार याचा तक्ता, अंदाजपत्रक असं सगळं द्या. परतफेडीचा तक्ता नीट करा, "देणग्यांतून फेडू" असं लिहिलेला अर्ज लंगडा पडतो, त्यापेक्षा वसतिगृहाच्या फीमधून किती, पाळणाघरातून किती असं मांडा, आणि खोल्या पूर्ण भरतील असं धरून चालू नका, काही रिकाम्या राहतीलच.

ज्यांना घरबांधणीचं काम सतत करायचंय, कर्ज घ्यायचं फेडायचं परत घ्यायचं असं, त्यांनी त्या कामासाठी कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची वेगळी ना-नफा कंपनी काढण्याचा विचार करावा. नफा वाटत नाही पण कर्ज व्यवहाराला मोकळीक जास्त असते, आणि मुख्य म्हणजे बांधकामातला धोका तुमच्या शाळा-दवाखान्याच्या कामाला चिकटत नाही.

प्रश्न : मी एका कंपनीत सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा खर्च बघतो. मॅनेजमेंटला वस्तीत "काहीतरी दिसणारं" करायचंय, म्हणजे सभागृह, त्यावर नाव. मला घरं किंवा शौचालयांसाठी काही करावंसं वाटतं. नियमात बसतं का? (एक वाचक, चाकण)

बसतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो आणि कशावर करायचा त्याच्या यादीत, म्हणजे सातव्या परिशिष्टात, 'झोपडपट्टी क्षेत्र विकास' हे स्पष्ट लिहिलेलं आहे, २०१४ मध्ये ते घातलं. संस्थेकडे हे पैसे घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी आहे ना एवढं बघा.

पण तुमची खरी अडचण मार्च महिना आहे. वस्तीतलं काम आर्थिक वर्षाच्या चौकटीत बसत नाही, पावसाळ्यात खोदता येत नाही, निवडणुकीची आचारसंहिता लागली की महापालिकेची परवानगी थांबते. मग कंपनी घाईने फेब्रुवारीत सभागृहाला रंग देऊन मोकळी होते. त्यावर नियमातच उपाय आहे, काम सुरू करतानाच बोर्डाकडून 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या, म्हणजे न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. सीएसआरमधल्या बऱ्याच जणांना हे माहीत असतं पण कुणी बोर्डापुढे आग्रह धरत नाही. तुम्ही धरा.

आणि "दिसणारं" म्हणाल तर पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सचं 'एक घर एक शौचालय' बघून या, मॅनेजमेंटलाही घेऊन जा. १९९३ पासूनची संस्था आहे. आधी घराघराचा सर्व्हे करून नकाशावर मांडतात, कुठे ड्रेनेज लाइन आहे कुठे नाही ते दिसतं, मग शौचालयाचं साहित्य घरापर्यंत पोचवतात आणि बांधायचा खर्च कुटुंब स्वतः करतं. यातलं मला जे सगळ्यात पटतं ते म्हणजे कुटुंब स्वतःचे पैसे घालतं म्हणून ते शौचालय वापरलं जातं, त्याला टाइल्स लावल्या जातात, दुरुस्ती होते. कंपनीच्या नावाची पाटी नसेल पण ज्या घरातल्या मुलीला रात्री अंधारात सार्वजनिक शौचालयापर्यंत जावं लागत नाही त्या घरात जाऊन एकदा बसा, आणि मॅनेजमेंटलाही बसवा.

प्रश्न : येरवड्यात काही वर्षांपूर्वी जुन्या जागेवरच घरं बांधून दिली होती. आमच्या भागात तसं का होत नाही? आम्हाला पंतप्रधान आवासमधून पैसे मिळतील का? (एक वाचक, पुणे)

येरवड्याचं काम केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर सुधारणा कार्यक्रमातल्या बीएसयूपी, म्हणजे शहरी गरिबांसाठीच्या योजनेतलं. मदर तेरेसा नगर, शीला साळवे नगर, नेताजी नगर अशा वस्त्या होत्या, महिला मिलन आणि स्पार्क यांनी केलं, आर्किटेक्ट पुण्याचेच प्रसन्न देसाई. वस्ती सपाट केली नाही. ज्यांचं पक्कं होतं ते तसंच राहिलं, कच्चं होतं ते पाडून त्याच जागी साधारण २७० चौरस फुटांचं घर, म्हणजे शेजार मोडला नाही, गल्ल्या मोडल्या नाहीत. एका घराचा खर्च ३ लाखांच्या घरात धरला होता, निम्मा केंद्राचा, उरलेल्यात राज्य आणि महापालिका, आणि १० टक्के कुटुंबाचा. ते १० टक्के म्हणजे ३० हजार, रोजंदारीवरच्या घराला एकरकमी ३० हजार काढणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल, म्हणून तिथे बचत आणि हप्ते लागले. पुन्हा तोच मुद्दा, सरकारी पैसा काम झाल्यावर टप्प्याने, सिमेंटवाला मात्र आज मागतो.

पंतप्रधान आवासमध्ये स्वतः घर बांधणाऱ्यासाठी जो भाग आहे त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा वाटा वेगळा मिळतो, तोही टप्प्याटप्प्याने. पण त्यात जमिनीचा कागद तुमच्या नावावर लागतो आणि वस्तीतली बहुतेक माणसं तिथेच बाद होतात. म्हणून तुमच्या नगरसेवकाकडे घराची मागणी करण्याआधी जमीन कुणाची आहे ते शोधा, महापालिका, कलेक्टर, रेल्वे, खाजगी. सिटी सर्व्हे ऑफिसमध्ये मिळकत पत्रिका काढा. वस्तीतल्या दोन कॉलेजच्या पोरांना या कामाला लावा, त्यांना जमतं.

प्रश्न : सामुदायिक शौचालय बांधून मिळालं पण दोन वर्षांत वाट लागली. देखभालीला निधी कोण देतं? (एक वाचक, मानखुर्द)

कुणीच नाही, हे कडू आहे पण खरं आहे. बांधायला पैसे देणारे सापडतात, कारण उद्घाटन होतं. रोजच्या फिनाइलला देणगीदार मिळत नाही. त्यामुळे तो पैसा वापरणाऱ्यांकडूनच यायला हवा आणि तसं आधी ठरवावं लागतं. मुंबईच्या जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या स्वच्छता कार्यक्रमात बांधकाम सुरू होण्याआधीच वस्तीची संस्था नोंदवायची आणि दर प्रौढामागे १०० रुपये, कुटुंबामागे जास्तीत जास्त ५०० असे गोळा करून देखभालीच्या खात्यात टाकायचे असा नियम होता. नंतर कुटुंबाचा मासिक पास. पुण्यात १९९९ नंतर रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना शेकडो शौचालयं झाली त्यातही राखणदाराच्या कुटुंबाला तिथेच राहायला खोली होती, हे फार शहाणपणाचं. तुमच्याकडे आता सुरुवात करायची तर आधी वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते बघा, बहुतेक ठिकाणी व्यापारी दराने बिल येतं आणि पासाचे सगळे पैसे त्यातच जातात. दर बदलून मिळतो का यासाठी अर्ज टाका, मग पासाची रक्कम ठरवा, आणि जमाखर्च शौचालयाच्या भिंतीवर दर महिन्याला लावा.

प्रश्न : सोशल स्टॉक एक्स्चेंजवर छोट्या मंडळाला पैसे उभे करता येतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

सोशल स्टॉक एक्स्चेंज म्हणजे शेअर बाजाराचा सामाजिक संस्थांना निधी उभारण्यासाठीचा भाग. छोट्या मंडळाला नाही. परवडणारी घरं आणि झोपडपट्टी विकास सेबीच्या पात्र कामांच्या यादीत आहेत हे खरं, पण निधी उभारणी किमान ५० लाखांची हवी, शिवाय ऑडिट आणि अहवाल. तुम्ही एखाद्या मोठ्या संस्थेचे भागीदार म्हणून त्यात जा.

प्रश्न : आम्ही बॉस्टनला काही मराठी कुटुंबं आहोत. इथे रॉक्सबरीतल्या डडली स्ट्रीटचं काम बघून भारावलो. पुण्यातल्या एखाद्या संस्थेला अशा कामासाठी पैसे पाठवायचेत, कसे पाठवावेत? (एक वाचक, बॉस्टन)

डडलीचं काम भारावण्यासारखंच आहे. त्या भागात जवळपास १,३०० रिकामे प्लॉट होते, कचरा टाकायला बाहेरून गाड्या यायच्या. १९८४ मध्ये रहिवाशांनी आपली संघटना काढली आणि १९८८ मध्ये शहराने त्यांना ओसाड जमीन सक्तीने संपादन करायचा अधिकार दिला, रहिवाशांच्या संघटनेला! पण अधिकार मिळाला तरी जमिनीचे पैसे द्यायचे होतेच, ते आले फोर्ड फाउंडेशनच्या २० लाख डॉलरच्या कर्जातून. फाउंडेशनने दान न देता कमी व्याजाचं कर्ज दिलं, यावर आपल्याकडच्या मोठ्या ट्रस्टांनी विचार करावा असं मला फार वाटतं. जमीन कायम सामुदायिक ट्रस्टकडे, घर माणसाचं, पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा. त्यामुळे भाव वाढला तरी गरीब माणूस तिथून हुसकला जात नाही.

आता तुमचे पैसे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांची देणगी नेहमीच्या बँकेतून आली तर परदेशी धरत नाहीत. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलंय त्यांची, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, म्हणजे "मोठ्या संस्थेकडे पाठवू, ते वस्तीतल्या छोट्या मंडळाला देतील" हा मार्ग बंद झालाय. जी संस्था स्वतः काम करते तिलाच द्या. तुमच्यात दोन्ही प्रकारचे लोक असतील तर पैसे एकत्र करून एकाच्या खात्यातून पाठवू नका, वेगवेगळे पाठवा, संस्थेची फार मोठी डोकेदुखी वाचेल. आणि देणगीच्या पत्रात लिहा की ही रक्कम अमुक इमारतीला नसून सरकारी हप्ता येईपर्यंतच्या खर्चाला आहे, हप्ता आला की संस्थेच्याच पुढच्या वस्तीच्या कामाला वापरावी. असं पत्र संस्थांना क्वचितच मिळतं.